आखाजीच्या आत, कानबाईच्या आधी

आमच्या बैठकीच्या पश्चिमेच्या भिंतीला खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी वर चढत गेलेली एक भेग आहे. तिच्यावर पेन्सिलीच्या आडव्या रेघा आहेत आणि रेघांशेजारी तारखा: १२ मे २०२४, ३० जून, १८ ऑगस्ट, ३ नोव्हेंबर. पहिल्या तारखेला भेगेत रुपयाचं नाणं सहज आत जात होतं. ऑगस्टमध्ये त्याच जागी पोस्टकार्डाची कडही शिरेना. दिवाळीला भेग पुन्हा जराशी उघडली. शेजारचं दार याच्या बरोबर उलट वागतं. पावसाळ्यात ते चौकटीला घासतं, खांदा लावल्याशिवाय मिटत नाही, आणि होळी आली की निमूट लागतं.

जळगावातलं हे घर १९९४ सालचं. तीस वर्षांत रंगाखेरीज त्याला कुणी हात लावला नव्हता. २०२४च्या दिवाळीत आम्ही ठरवलं की येत्या वर्षभरात सगळं घर उरकायचं. मी कालनिर्णयाच्या मागच्या कोऱ्या बाजूला आखणी केली: जानेवारीत बैठक, फेब्रुवारीत स्वयंपाकघर, मार्चमध्ये आमची खोली, एप्रिलमध्ये न्हाणीघरं. दर महिन्याला एक खोली. फरशांचे नमुने, पडद्यांचे रंग, मोबाइलवर जमवलेले शंभरेक फोटो, सगळी तयारी होती. मिस्त्रींनी कागद वाचला, घडी घालून परत दिला आणि भेगेपाशी जाऊन उभे राहिले. ते धुळ्याकडचे, बोलणं अहिराणी. म्हणाले, "वहिनी, भिंतले काही व्हयेल नही. खालनी माटी हाली ऱ्हायनी."

त्यांनी आणखी एक सांगितलं. ही भेग उन्हाळ्यात बुजवायची नाही. मे महिन्यात ती पुरती उघडलेली असते. तेव्हा सिमेंट ठासून भरलं तर पावसाळ्यात माती फुगल्यावर भिंतीला मिटायला जागा राहत नाही, मग ती दुसरीकडे फुटते. सहा महिने तारखा टाकत बसल्याबद्दल घरात माझी थट्टा झाली होती. मिस्त्रींनी मात्र त्या रेघा चष्मा लावून वाचल्या.

*

मराठी गावगाड्यात दोन शब्द जोडीने येतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेत आणि पांढरी म्हणजे गावठाण. जुनी गावं पांढरीवर वसली. काळीवर कापूस पिकवायचा, घर बांधायचं नाही, हे शहाणपण त्या दोन शब्दांतच आहे. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत जळगाव, धुळे, भुसावळ, अमळनेर सगळीच गावं पांढरीबाहेर सांडली. कपाशीच्या रानांचे एन.ए. प्लॉट पडले आणि आमच्यासारख्यांची घरं काळीवर उभी राहिली. या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. ते पाणी पिऊन फुगतं आणि वाळलं की आकसतं. मे महिन्यात रानातल्या भेगांत हात जातो, हे शेतकऱ्याच्या पोराला सांगावं लागत नाही. तीच जमीन आपल्या बैठकीखालीही आहे, एवढंच आपण विसरतो.

यावर काम झालेलं आहे. रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने खाली फुगा असलेले काँक्रीटचे खुंट रूढ केले. असे खुंट साधारण साडेतीन मीटर खाली नेतात, म्हणजे ऋतूंप्रमाणे हलणाऱ्या थराच्या तळाशी घर रोवलं जातं. आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी दुसरी वाट दाखवली. काळ्या मातीवर न फुगणाऱ्या, पण चिकटपणा असलेल्या मातीचा सुमारे मीटरभर थर दाबून बसवला तर खालची माती वर जोर करत नाही. आमच्याकडे पायात मुरूम भरतात, ते त्याचंच गावठी भावंड म्हणायला हरकत नाही. पण हे झालं नव्या घराचं. उभ्या घराखाली कोण खुंट घालणार? उभ्या घरासाठी उपाय साधे आणि कंटाळवाणे आहेत. घराभोवती चार फूट रुंद फरशी, बाहेरच्या बाजूला उतार देऊन. गच्चीचं पाणी पायथ्याशी न सोडता नळीने दूर न्यायचं. न्हाणीघराचा गळका सांधा दुरुस्त करायचा. भिंतीला खेटून झाड नको. आमच्याकडे चारही गोष्टी चुकलेल्या होत्या. झाड कडुनिंबाचं होतं आणि ते तोडायला सासूबाई तयार नव्हत्या. ते अजून आहे.

माझ्या कालनिर्णयावर यातलं एकही काम नव्हतं. घर सुधारायचं म्हणजे आत काहीतरी करायचं, असं मी धरून चालले होते. पहिले दोन महिने आणि पहिला खर्च घराबाहेरच गेला. पाहुणे येत आणि विचारत, "काय बदललं?" दाखवायला काहीच नसे.

*

सासूबाई अमळनेर तालुक्यातल्या. माझा कागद त्यांनीही पाहिला होता. त्यांचं मत एका वाक्यात आलं, "पहिले धाबं देखा, मंग बाकीनं देखसूत."

स्लॅबच्या गच्चीलाही आमच्याकडे धाबंच म्हणतात. मूळ धाबं मातीचं. सागाच्या किंवा कडुनिंबाच्या तुळया, त्यांवर कड्या, कड्यांवर काटक्या नाहीतर फळ्या, वर पाला आणि मग मातीचा जाड थर. सगळ्यांत वर खारी, ती पाणी आत झिरपू न देणारी पांढुरकी माती. खानदेशात पाऊस बेताचा, त्यामुळे कोकणासारखी उतरती कौलं इथे अडली नाहीत. १८८० सालच्या खानदेश गॅझेटिअरमध्येही या सपाट मातीच्या छपरांची नोंद आहे. दर साल आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की धाब्यावर नवी खारी पडायची, पन्हाळी मोकळ्या व्हायच्या. दुरुस्ती हा वेगळा प्रसंग नव्हताच. पेरणीपूर्व मशागतीसारखीच घराचीही मशागत व्हायची. अशा घरात भर मे महिन्यात भिंतीला पाठ टेकली तर गार लागते. धरणगावकडच्या आमच्या गावच्या घरात ते मी पंचवीस वर्षं अनुभवलं आहे. त्याच घरात धाब्यावरून पडणारी माती, विंचू आणि ताटात पडलेली पाल हेही अनुभवलं आहे, म्हणून मला मातीच्या घरांचे गोडवे गाववत नाहीत.

स्लॅब आला आणि दरसालची ही सवय गेली. एकदा ओतला की झालं, अशी समजूत. मग दहा-पंधरा वर्षांनी सळ्या गंजून छताचे पापुद्रे सुटतात आणि आपण खालून पीओपी लावून ते झाकतो. आमच्याकडे बैठकीत पीओपीचं छत माझ्या यादीत पहिल्या क्रमांकावर होतं. मिस्त्रींनी हातोडीच्या दांड्याने छत ठोकत सगळी खोली फिरून दाखवली. चार ठिकाणी आवाज पोकळ आला.

*

कुठल्या महिन्यात काय करायचं, हे खानदेशात आपण ठरवत नाही, इतकंच मला या वर्षात कळलं. तारखा आधीच कुणी कुणी अडवून ठेवलेल्या असतात.

पहिली कापसाने. दिवाळीनंतर वेचणी जोरात असते आणि पैसा यायचा तो तेव्हापासून. सिमेंटच्या कामाला हवाही नोव्हेंबर ते फेब्रुवारीचीच चांगली. म्हणजे गणित जमायला हवं. पण कापूस विकला तर. २०२४-२५च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता आणि भाव चढेल म्हणून लोक थांबले. थांबलेला कापूस कुठे ठेवणार? घरात. गावच्या घरी दिरांना पुढच्या खोलीला फरशी घालायची होती. फरशीचे खोके ओसरीवर आणि खोलीत जमिनीपासून कड्यांपर्यंत कापूस. पोरं त्यावर उड्या मारतात आणि रात्री अंग खाजवत बसतात. कापूस गेल्याशिवाय फरशी नाही, आणि कापूस गेल्याशिवाय फरशीवाल्याचे पैसेही नाहीत. खोली रिकामी झाली ती मार्चअखेर.

तोवर लग्नसराई. मिस्त्री, सुतार, बिगारी यांच्याही घरी लग्नं असतात हे आखणी करताना कुणाच्या डोक्यात येत नाही. मग येते आखाजी. अक्षय्य तृतीया महाराष्ट्रात सगळीकडे आहे, पण खानदेशात तिचं वजन दिवाळीच्या बरोबरीचं. लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधले जातात, गौराई मांडली जाते. सालदाराचं वर्षही आखाजी ते आखाजी. २०२५ मध्ये ती ३० एप्रिलला होती. घरात नणंदा, भाच्या, त्यांची पोरं येणार म्हटल्यावर न्हाणीघर उखडून ठेवता येत नाही.

आखाजी उरकली की सगळा जिल्हा एकदम बांधकामाला लागतो. पावसाळा तोंडावर असतो आणि शेताचं काम नसतं. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो आणि नेमके तेव्हाच गल्लोगल्ली स्लॅब पडत असतात. काँक्रीटच्या दृष्टीने याहून वाईट मुहूर्त शोधून सापडायचा नाही. भारतीय मानक ४५६ म्हणतं, साध्या सिमेंटचं काँक्रीट निदान सात दिवस ओलं ठेवा, कोरड्या उष्ण हवेत निदान दहा, आणि राखमिश्रित सिमेंट असेल तर चौदा दिवसांपर्यंत न्या. आज दुकानात मिळणारी बहुतेक पोती राखमिश्रितच असतात. चौदा दिवस मेच्या उन्हात गोणपाट ओलं ठेवायचं, स्लॅबवर आळी करून पाणी तुंबवायचं. पाणी आणायचं कुठून? जिथे नळाची पाळी घरातल्या टाकीला पुरत नाही, तिथे स्लॅबला टँकर. मग सकाळी एकदा नळी फिरवली की मालक समाधानी. दुपारी तीनला त्या स्लॅबला हात लावून पाहावा. सुकलेलं काँक्रीट आणि मुरलेलं काँक्रीट दिसायला सारखंच असतं. फरक पाच पावसाळ्यांनी गळून खाली पडतो.

आम्ही छताची दुरुस्ती डिसेंबर-जानेवारीत करून घेतली. पोकळ भाग फोडले, सळ्या घासून त्यांना गंजरोधक लावलं, पुन्हा भरून चौदा दिवस पाणी मारलं. मिस्त्री तेव्हा रिकामे होते. थंडीत त्यांना काम कमी असतं हेही मला नव्यानेच कळलं.

*

धुळ्याची गोष्ट जरा वेगळी आहे. माझी मामेबहीण जुन्या धुळ्यात एका गल्लीत राहते. तिथल्या गल्ल्यांना नंबर आहेत आणि त्या सरळ आहेत. १८१९ मध्ये कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळ्याला जिल्ह्याचं ठाणं केलं आणि नवी पेठ आखून दिली, तिची ही देणगी. सरळ गल्ली, अरुंद खोल घरं, पाठीला पाठ. तिथे दोन घरांमध्ये भिंत एकच असते. बहिणीला एक कोनाडा मोठा करून तिथे कपाट बसवायचं होतं. छिन्नीचे चार घाव पडले आणि शेजारच्या काकूंच्या देवघरातली तसबीर खाली आली. मग सलोख्याची बैठक, चहा आणि शेवटी दोन्ही घरांनी मिळून एकच सुतार लावला. त्यातून दोघींना स्वस्त पडलं. आतल्या दोन खोल्यांना खिडकीच नव्हती. तिथे जुना झरोका मोठा करून वर जाड काच बसवली. सगळ्या कामात मला तीच करणी अव्वल वाटली. दुपारी बाराला भिंतीवरून सरकत जाणारा तो उजेडाचा चौकोन पाहायला आता शेजारीण काकूही येतात.

जुन्या घरातलं सागवान मात्र जपावं लागतं. ते विकत घेणारी गिऱ्हाइकं घरी येऊन चकरा मारतात. दार उतरवताना बहीण स्वतः उभी राहिली, बिजागऱ्या मोजून डब्यात भरल्या.

पावसाळ्यात काम काढू नये, हा धडा या जिल्ह्यात फार मोठ्या माणसालाही मिळालेला आहे. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले. त्यांच्या सुरुवातीच्या कामांतलं एक धुळ्यापासून मैलोगणती दूर दातर्तीला पांझरेच्या पात्रातून नळ नेण्याचं. पाऊस सुरू झाला, पुराने काम अडलं. पाऊस सरल्यावर करू, असं त्या तरुण इंजिनिअरने कळवलं, ते साहेबाला रुचलं नाही. मग पुराशी झगडत त्यांनी ते पुरं केलं. आपण विश्वेश्वरय्या नाही आणि आपल्याला साहेबही नाही, तेव्हा आपण थांबावं.

*

स्वयंपाकघराबद्दल मला जास्त लिहायचं आहे, कारण चुका तिथेच जास्त झाल्या.

मॉड्युलर किचनवाला आला. त्याच्या टॅबलेटमध्ये खोली फिरत होती, कपाटं आपोआप उघडत होती. ओटा चौतीस इंच, त्याच्या म्हणण्याप्रमाणे सगळीकडे तेवढाच असतो. सासूबाईंची उंची चार फूट दहा इंच. हात कोपरात दुमडून उभं राहावं आणि कोपराच्या चार-पाच इंच खाली ओटा यावा, हा हिशेब मला एका बांधकामवाल्या बाईंनी नंतर सांगितला. तोवर ग्रॅनाइट बसलं होतं. सासूबाई आता पाटावर उभ्या राहून कळण्याच्या भाकरी थापतात. पाट दोनदा माझ्या पायात आला.

दुसरी चूक खापराची. आखाजीची पुरणपोळी आमच्याकडे तव्यावर होत नाही. हातावर झेलत झेलत ती रुमालाएवढी मोठी होते आणि पालथ्या खापरावर पडते. खापराला चूल लागते, चुलीला काड्या, काड्यांचा धूर. तीच गत थंडीतल्या भरिताची. हिरवी वांगी गॅसवर भाजली तर ते भरीत खाणारा गप्प राहतो, पण त्याला कळलेलं असतं. वांगी कपाशीच्या पऱ्हाट्यांवरच भाजायची. टॅबलेटमधल्या स्वयंपाकघरात धुराला जागा नव्हती, आणि मागचं परस बंद करून तिथे भांडार करायचं असं मीच ठरवून बसले होते. मार्चमध्ये भांडाराची वीटही आली. मग मोठ्या नणंदेचा फोन आला, "आखाजीला खापर कुठे मांडायचं?" या एका प्रश्नावर भांडार रद्द. परसात ओटा, त्यावर मातीची चूल, वर पत्रा, बाजूला मोरी, एवढंच केलं. सगळ्या घरात सर्वांत कमी खर्च तिथे झाला. सणावारी सगळं घर तिथेच जमतं. साडेतीन फूट रुंद चिमणी आत चकचकीत उभी आहे, तिच्याखाली चहा होतो.

बैठकीत टीव्हीची भिंत करायची, मागे दगडी ठशाच्या टाइल्स लावायच्या, हे ठरलेलं होतं. ती भिंत नेमकी कूलरच्या खिडकीची निघाली. खानदेशात बैठकीची मांडणी कूलर ठरवतो. कूलरला बाहेरची कोरडी हवा लागते, तो खिडकीबाहेर घोडीवरच हवा, आणि हवा बाहेर जायला समोरची खिडकी उघडी हवी. सोफा त्या वाऱ्यात हवा आणि टीव्ही पाण्याच्या शिंतोड्यांत नको. आम्ही टीव्ही हलवला. एसी घ्या, असं चार जणांनी सुचवलं. घेतलाही, पण एकाच खोलीत. न्हाणीघरं, पडदे, रंगसंगती यांबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. ती कुठेही होतात तशी झाली.

*

गच्चीचं काम फेब्रुवारीत धरलं. जुना थर खरवडून विटांच्या तुकड्यांचा कोबा, शंभराला एक असा उतार आणि वर पांढऱ्या फुटक्या टाइल्सचं चायना मोझॅक. २०१८ साली ऊर्जा दक्षता ब्युरोने घरांसाठी इको-निवास संहिता आणली. छतातून एका चौरस मीटरमागे, एका अंशाच्या फरकाला १.२ वॅटपेक्षा जास्त उष्णता आत येऊ नये, असं ती सांगते. आपल्या उघड्या स्लॅबचा आकडा याच्या दुपटीच्याही वर जातो. नुसत्या मोझॅकने संहिता पाळली जात नाही, त्यासाठी उष्णतारोधक थरही लागतो. पण पांढऱ्या रंगाने ऊन परतवलं तरी रात्री दहाला पंख्यातून येणारी ती भट्टीची झळ कमी होते. आमच्याकडे ती त्या उन्हाळ्यात जाणवण्याइतकी कमी झाली. गच्ची आधी केली आणि सौर पॅनेल नंतर बसवले हेही बरं झालं. पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळतं म्हणून शेजारच्यांनी घाईने पॅनेल बसवले, आणि आता गळती शोधायला ते उतरवायचे आहेत.

सुताराला आम्ही मे महिना दिला होता. २०२५चा मे कसा गेला ते सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. महिनाभर अवकाळी आणि २६ तारखेला मोसमी पाऊस मुंबईत. अंगणात ताडपत्रीखाली ठेवलेल्या प्लायवूडच्या खालच्या चार शीट फुगल्या. त्या परसातल्या चुलीजवळ काड्या ठेवायला लागल्या.

रंग राहिला होता. तो कानबाईच्या आधी व्हायलाच हवा, यावर घरात दुमत नव्हतं. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते, त्या वर्षी ती ३ ऑगस्टला होती. त्याआधी घर धुऊन, रंगवून, अंथरुणं-पांघरुणं धुऊन काढायची असतात. सगळे भाऊबंद एका घरी जमतात, रोटांचा गहू सव्वाच्या मापाने निघतो. श्रावणाच्या दमट हवेत रंग नीट वाळत नाही हे रंगाऱ्याने सांगून पाहिलं. भिंती पुरत्या कोरड्या नव्हत्या, खरं आहे. बैठकीच्या एका कोपऱ्यात पुट्टी फुगलीही. पण देवीपुढे कोरी भिंत ठेवायची तर रंग द्यायचाच. दिवाळीनंतर तो कोपरा खरवडून पुन्हा करायचा, असा तह झाला. भेगेची भिंत तेवढी राहू दिली. ती जानेवारीत बुजवायची ठरली.

सगळं सिमेंट घेऊन झालं आणि २२ सप्टेंबर २०२५ला त्यावरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. दिरांचा फोन आला, "आम्ही कापसापायी थांबलो ते बरंच केलं, वहिनी." न्हाणीघराचं काम ते त्यानंतर काढणार होते.

गच्चीची एक गोष्ट सांगायची राहिली. होळीनंतर धाबं बायकांचं असतं. पापड, कुरडया, शेवया आणि ज्वारीचे बिबडे. पहाटे चारला चूल पेटते, घाटा शिजतो, उजाडायच्या आत जुन्या धोतरांवर बिबडे पडतात आणि दुपारच्या उन्हात खालच्या स्लॅबच्या तापाने खडखडीत होतात. मार्चच्या अखेरीस सासूबाईंनी नव्या गच्चीवर पहिला घाटा घातला. पांढरी शुभ्र, स्वच्छ, पायाला न भाजणारी गच्ची पाहून मी मनातल्या मनात खूश होते. दुपारी तीनला वर गेले तर त्या वाकून बिबडे बोटाने दाबून पाहत होत्या. बिबडे लवत होते.

"तुन्हा धाबावर बिबडा वाळतस नही," त्या म्हणाल्या, आणि धोतराची दोन टोकं मला धरायला लावून ते अख्खं ओलं धोतर आम्ही दोघींनी कठड्यावरून शेजारच्या काळ्याकुट्ट गच्चीवर दिलं.